दुपारी दोनची अर्धी

डिस्चार्जच्या कागदावर सात ओळी होत्या,
अक्षर छापील, तरी लागेना.
शलाकाने कागदाचा फोटो काढला
आणि ऐरोलीला रात्रपाळीला जाण्याआधी
सात ओळींचे सात गजर करून ठेवले.

तेव्हापासून कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घरात
एक बाई बोलते.
कृपया आपले औषध ग्रहण करा.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे म्हणाले,
सुटलं की सांग, मग अंघोळ करतो.
इस्पितळातून आल्यावर पहिल्यांदा हसले. हसताना धाप लागली.

बाईच्या खाली तीन बटणं: घेतली, थोड्या वेळाने, वगळली.
हे स्वतः दाबतात,
मस्टरवर सही करायचे तसं, जोर देऊन.
रविवारी हिरवं वर्तुळ पूर्ण भरतं.
शंभर टक्के.
बघ आई, शलाका म्हणते, बाबा सुधारले.

मी काही बोलले नाही.
मी तुर्भ्याच्या कंपनीत एकवीस वर्षं पॅकिंगला होते.
पट्ट्यावरून स्ट्रिपा धावत यायच्या,
एखादा खळगा रिकामा असला
तर डोळ्याआधी हात जायचा.
नाखवा सुपरवायझर म्हणायचा,
कुमुदबाई, तुमच्या बोटांना नजर आहे.

तर सोमवारी डबा आवरताना
पिवळ्या गोळीची स्ट्रिप हाताला जड लागली.
जड म्हणजे काय, चार गोळ्यांनी.
अर्ध्याच्या हिशेबाने आठ दुपारी.
मोबाईलमध्ये आठही दुपारी हिरव्या.

त्या रात्री हे झोपल्यावर
पायावरची चादर सारून घोट्यावर अंगठा दाबला.
उचलला, तरी खळगा तसाच राहिला.

सकाळी भांडणार होते. शब्द तयार होते:
बिल, शलाकाने काढलेलं कर्ज,
आयसीयूबाहेरची ती लोखंडी खुर्ची.
पण खुंटीवर यांचा सदरा होता,
खिशात कॅरमचा स्ट्रायकर.

चार वाजता धारण तलावाशी, वॉचमनच्या शेडमध्ये डाव बसतो.
गोवारी, सय्यदभाई, टपालातले पिल्ले.
पिवळी गोळी पाण्याची.
दोनला घेतली की पाचपर्यंत पाच वेळा उठायचं,
आणि तलावावरच्या संडासाला बारा महिने कुलूप.
एकदा डाव टाकून निघाले होते,
घरापर्यंत पोचले नाहीत.
ती पँट मीच धुतली.
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
दोरीवर वाळली, घडी करून कपाटात ठेवली.

मोबाईलमध्ये इतकी बटणं,
का नाही, असं एकही नाही.

केमिस्टच्या काउंटरवर नाझनीन असते.
तिला हळू सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं,
तिने त्याला खोकल्याचं औषध देऊन वाटेला लावलं
आणि डॉक्टरांना फोन जोडून दिला.
आठ दिवस म्हटल्यावर ते आधी ओरडले.
मग म्हणाले, उद्या घेऊन या, पाय बघतो.
आणि अहो, दोनलाच कशाला? अकराला द्या,
चारपर्यंत उरकेल सगळं.

एवढंच होतं.
एवढंच कागदावर कुठेच नव्हतं.

रात्री मी मोबाईल घेऊन बसले,
दोन खोडून अकरा केले, तीन वेळा चुकून.
मागचे आठ दिवस हिरवेच राहू दिले.
शलाकाला सांगायचं आहे. कसं, ते ठरलेलं नाही.

आज अकराला बाई बोलली.
यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी भाजी निवडत होते. म्हटलं,
ग्रहणाची वेळ बदलली आहे, पंचांग बघा.

हसले नाहीत.
बराच वेळ स्ट्रिप हातात धरून बसले.
मग सुरी मागितली आणि गोळी कापली.
एक अर्धी मोठी झाली, एक लहान.
मोठी घेतली.