एकसष्टावा मतदारसंघ

नकाशा हीटरच्या वर टांगलेला,
म्हणून त्याचा खालचा कोपरा करपला.
तिथं टॅमरॅक नावाचं गाव होतं.
आता गावही नाही; करपण्याशी त्याचा संबंध नाही,
रेल्वेनं थांबा काढून घेतला, एवढंच.

मी आर्डिस ट्वाइट. एक्केचाळीस वर्षं
ल्युथरन चर्चच्या तळघरात मतपत्रिका मोजल्या,
अंगठ्याला थुंकी लावायची नाही, असा नियम होता.

पहिली शीव नदीनं आखली.
मग एका पुरात नदीच सरकली
आणि अकरा घरं शेजारच्या मतदारसंघात गेली,
एकानंही उंबरा न ओलांडता.

नदीच्या वाकणातली ओजिब्वे वस्ती
जुन्या नकाशावर कोरी दिसते.
कोरं म्हणजे रिकामं नव्हे,
हे मला जोसेट बोशॅम्पनं सांगितलं.
तिचा आजा मत द्यायला आला,
तर म्हणाले, आधी केस काप.
तो कापून आला.
तोवर वेळ संपली होती.
ती वेणी अजून तिच्या पेटीत आहे.
कोणत्या निकालात धरायची ती?

बासष्ट साली बरोबरी झाली.
ऑर्व्हल हेग्स्टाड दोन हजार एकशे चौदा,
क्लेटन रूड दोन हजार एकशे चौदा.
तीनदा मोजलं. आकडा हलेना.
कायदा म्हणाला, चिठ्ठी काढा.
चिठ्ठ्यांसाठी टोपी शोधली, तर प्रत्येक टोपीवर
कुठल्या ना कुठल्या बियाणं कंपनीचं नाव,
आणि क्लार्क हटून बसला: टोपी निःपक्ष हवी.
शेवटी कॉफीची किटली आणली,
पुसली, तरी चिठ्ठी निघाली ती ओली.
रूड.
हेग्स्टाड म्हणाला, धारेची वेळ झाली,
आणि गेला. पुन्हा कधी उभा राहिला नाही.

त्याची बायको लेंपी पुढे वृद्धाश्रमात,
माझा हात धरून, फिनिश हेलात:
"त्या दिवशी मी गेलेच नाही गं.
पाव भट्टीत होता.
म्हटलं, माझ्या एकटीच्या मतानं काय होतंय."
तिनं हे नवऱ्याला सांगितलं नाही.
मीही आजवर कुणाला नाही.
पण दरवेळी पेटी उघडताना
मला भाजलेल्या रायचा वास आला.

आता राजधानीतून एक पोरगा येतो,
लॅपटॉपवर बोटानं रेघ ओढतो.
भाऊबंदकीत बांध कोरतात ना रात्री,
दरवर्षी फाळाएवढा,
तसा हा कोरतो, पण भरदिवसा,
आणि दोन हजार माणसं एका झटक्यात पलीकडे.
टर्की कारखान्यामागची ट्रेलरवस्ती त्यानं
मधोमध कापली.
इदिल वारसमेचा ट्रेलर एकसष्टाव्यात,
तिच्या बहिणीचा साठाव्यात,
आणि दोघींत एकच कपडे वाळत घालायची दोरी.
इदिलनं मला विचारलं, "आम्ही जास्त झालो म्हणून?"
मी म्हटलं, "तुम्ही मोजण्याइतक्या झालात म्हणून."
उत्तर बरोबर होतं का, ठाऊक नाही.
तिनं मान हलवली आणि चिमटे गोळा केले.

मग नवा नकाशा भिंतीवर लागला.
मी चष्मा पुसला, माझी गल्ली शोधली.
चर्च एकसष्टाव्यात, दफनभूमी एकसष्टाव्यात,
तिथला ऑर्व्हल, तिथली लेंपी एकसष्टाव्यात.
माझं घर नाही.

पोरग्याला मी काही बोलले नाही.
त्याला कॉफी दिली. त्याच किटलीतून.

नोव्हेंबरात तेरा मैल गाडी हाकली,
अनोळखी शाळेच्या व्यायामशाळेत रांगेत उभी राहिले.
टेबलावरच्या मुलीनं माझं नाव दोनदा चुकवलं.
यादीतली उमेदवारांची नावं मला परकी,
मी त्यांना.
मागचा माणूस घड्याळ बघत म्हणाला,
चूल चालू ठेवून आलोय, जाऊ का?

मी म्हटलं, थांब.
जरा जोरातच म्हटलं असावं.
अख्खी रांग वळून बघत होती.