नव्वद लिटर

गाडी फेब्रुवारीपासून उद्यमनगरात, शेडखाली.
परवा नळ उघडला तर आधी हवा खोकली,
मग पाणी आलं, शेवाळी वासाचं,
जीभ लावायचीही छाती होईना असं.
भूपाल म्हणाला, "लई वास मारतंय. टाकीच बदलूया."
इस्माईल मिस्त्री बोल्टावरून मान वर न करता म्हणाले,
"टाकी फूडग्रेड हाय. पानी न्हाई."

मी चष्मा पुसला.
एकतीस वर्षं बालिंग्याच्या प्रयोगशाळेत
अख्ख्या शहराच्या आधी मी पाणी हुंगलंय.
नव्वद लिटर मला काय घाबरवणार?

जुनं सगळं सोडून दिलं. टाकी भरली.
कोळशाचं फिल्टर काढून ठेवलं,
क्लोरीन खातं ते, आज त्याला उपास.
गिझरला वळसा.
नव्वद लिटरला नव्वद मिलि हायपो, पाच टक्क्यांचं;
हे गणित मला झोपेतही सुटतं.
मग सिंकचा नळ, शॉवर,
मागच्या दाराशी पाय धुवायची तोटी,
एकेक उघडायची, नाकाला झोंबेपर्यंत,
आणि बंद.
आठ महिने नळ्यांच्या अंधारात ज्यांनी संसार मांडला
ते सकाळपर्यंत मरतील.

असलं वाक्य मी सासूबाईंसमोर कधी बोलले नाही.
रुकडीला पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं,
मग फडकं उलटं करून, वर गाळलेलंच पाणी ओतून
त्यातलं सगळं परत त्याच आडात.
बादली पाण्याला टेकवून, हळू.
जीव जिथला, तिथं.
पहाटे मी ते करायची
आणि नऊपासून कोटीनं मारायची.
पगार त्यांच्या हातात ठेवायची. त्या मोजून घ्यायच्या.
काय करतेस तिथं, त्यांनी विचारलं नाही.

महापुराच्या वर्षी उपसा पंपच बुडाले.
गल्लीत छातीभर पाणी, नळाला टिपूस नाही.
टँकर आला तेव्हा परीक्षानळी उजेडात धरली,
थेंब टाकले, रंग चढला.
रांगेतली एक बाई घाबरून म्हणाली, "पिवळं झालं की!"
"पिवळं म्हणजे प्या," मी म्हटलं,
आणि तिच्या घागरीकडे बघवेना.

रात्री गाडीतच आडवे झालो.
दीडला पंप घरघरला. एकच सेकंद.
नळ तर सगळे बंद.
वीस मिनिटांनी पुन्हा.
अंधारात भूपाल म्हणाला,
"कुठंतरी पाणी मुरतंय."
चाळीस वर्षांत हे वाक्य आम्ही एकमेकांना
बऱ्याच कारणांनी ऐकवलंय.
आज तो सिंकखाली पालथा झोपून
बोटांनी नळी चाचपत गेला, मी टॉर्च धरला.
एक क्लिप सैल. दोन आटे.
जोड धोतराच्या तुकड्यानं पुसला
आणि कोरडा राहतोय का बघत
आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो,
पंप गप्प झाला तरी.

सकाळी सोडून देण्याआधी चिमूटभर थायो.
मारणाराला मारायलाही औषध असतं.
मग तीनदा विसळलं, चौथ्यांदा भरलं.

एक सांगायचं राहिलं.
जुनं पाणी सोडताना
त्यातला पाच लिटरचा कॅन मी बाजूला ठेवला होता.
दाजीपूरच्या वस्तीवर भरलेलं ते.
भाजी आणते म्हणून निघाले,
भोगावतीच्या पुलाखाली उतरले,
कॅनचं तोंड पाण्याला टेकवलं, हळू तिरपं केलं.
बाकीच्या पंच्याऐंशी लिटरचं काय, विचारू नका.
वर्कशॉपच्या गटारात गेलं.

परत आले तर चहा तयार.
भूपालनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"औषधाचा वास येतोय गं."
"पॉइंट दोन आहे," मी म्हटलं. "तेवढा येऊ दे."
"आणि भाजी?"
फिल्टर बसवायचं राहिलंय, असं म्हणून मी उठले.