जुन्या कचेरीसमोर

बसथांब्याचं नाव आता 'जुन्या कचेरीसमोर'.
नवी डोंगरापलीकडे, दोन बोगदे ओलांडून,
चाळीस मिनिटं; बस दिवसातून चारदा.

कासेउराच्या नोंदणी खिडकीवर
मी एकवीस वर्षं बसले.
जन्म, लग्न, मरण, स्थलांतर.
पुढे पुढे मरणाचं रजिस्टर वर्षाला दोन लागायची,
जन्माचं एकच पुरत आलं, पानं पिवळी पडेपर्यंत.

विलीनीकरणाच्या आदल्या संध्याकाळी
पाचाला दहा कमी असताना
इशिगुरो आला, म्हाकुळाच्या बोटीवरचा,
पायांत रबरी बूट, फरशीभर खारं पाणी.
मुलगी झाली, म्हणाला, काल रात्री. आजच लिहा.
नाव?
ते ठरायचंय अजून.
मग ठरव की बाबा, दहा मिनिटांत.

तो भिंतीकडे बघत राहिला, घड्याळाकडे,
काचेतून धक्क्याकडे.
एक बोट बाहेर निघाली होती.
मिओ, म्हणाला.
बोटीमागे पाण्यावर जी वाट राहते ना, ती.

शिक्का मारला. शाई वाळायच्या आत
खांबावरच्या भोंग्यातून पाचची धून आली,
आणि आम्ही दोघं उगाच उभे राहिलो,
कुणी गेल्यावर राहतात तसे.
सकाळी शहरातून आलेल्या पोराने शिक्का मोजून नेला.
पावती दिली. नग एक.

नगराची झाकणं अजून रस्त्यात आहेत,
उडत्या माशांची, लोखंडी.
फुटेल ते बदलतात. नव्यावर
शहराचं कसलंसं फूल आहे,
इथे न उगवणारं.

मिओ नागोयाला असते, दातांच्या दवाखान्यात.
ओबोनला आली तेव्हा सांगत होती,
कुठल्याशा अर्जात जन्मगाव भरायचं होतं,
यादीत कासेउरा सापडेना.
मग?
मग काय. 'इतर'.

ओगिवारा बाईंनी ऐकलं, बोलल्या काहीच नाहीत.
घरात गेल्या. त्यांच्या कपाटात
जुन्या नगराच्या कचऱ्याच्या पिशव्यांचा गठ्ठा आहे,
मुदत संपून वीस वर्षं झाली,
शहराची गाडी त्या उचलत नाही.
एका पिशवीत सुकी म्हाकुळं बांधून
त्यांनी मिओच्या हातात दिली. प्रवासात खा.

वर ठळक हिरव्या अक्षरांत:
कासेउरा नगर.
जळणारा कचरा.

दोन पस्तीसची बस आली.
पिशवी मांडीवर घेऊन ती
खिडकीशी बसली,
अक्षरं बाहेरच्या बाजूला.