दवण्याची चुलत बहीण

बडोद्यात तिसऱ्या दिवशी मान उजवीकडे वळेना.
अलकापुरीतल्या डॉक्टरांसमोर
मी अख्खा देह वळवून नमस्कार करत होतो.
बॅगेत चार रंगांच्या गोळ्या, सगळ्या दुखण्यावरच्या,
"वीस मिनिटांत आराम, सर," असं रोज अकरा वेळा म्हणणारा मी
स्वतः सहा गिळून बसलो होतो.

लॉजवरचे घोरपडे, पाचव्या पिढीचे बडोदेकर,
चावी देता देता म्हणाले,
"रावपुऱ्यात बुटांचं दुकान आहे, बाजूनं जिना.
चिनी बाई आहे. घाबरू नका,
आपल्यातलीच आहे."

अर्ध्या जिन्यापर्यंत चामड्याचा वास.
त्यावर दुसराच काहीतरी,
मी कठडा धरून थांबलो.
हा वास मला ठाऊक होता.
चैत्रात, जोतिबाच्या पायऱ्यांवर,
आईच्या ओंजळीत.

"दवणा जाळताय?"
"नाही हो. दवण्याची चुलत बहीण," ल्यांगबाई म्हणाल्या.
"बेसा ना."
मराठी दांडिया बाजारातलं, शेजारणींकडून उचललेलं,
मधूनच गुजरातीला टेकणारं.

मनगटावर तीन बोटं ठेवली.
आमच्या गावचे वैद्यही ठेवत, पण इतका वेळ नाही.
खाली फुटपाथवर कुणी मांजा गुलाबी करत होतं,
चरखीची घरघर वर येत होती.

"जीभ बघू."
वीस वर्षं जिच्यावर पोट भरलं, ती बाहेर काढली.
"खूप बोलता. आणि बोलायचं ते बोलत नाही."
हे तर कुणालाही लागू पडेल, मनात म्हटलं,
आमच्या माहितीपत्रकासारखं.
मग उगीच सुमन आठवली,
फोनवर नुसतं "जेवलात का" विचारणारी.

नऊ सुया. दोन हातांत, पाच पायांत,
मानेला मोजून दोन.
दुखणं एकीकडे, इलाज दुसरीकडे,
अगदी आमच्या हेड ऑफिसचा कारभार.
हसू आलं, तर त्या ओरडल्या, "हलू नका!"

आणि मग, माणूस सुयांनी खिळलेला असला की
त्याला गोष्ट सांगायला बरं पडत असावं.

"पप्पा बासष्टमध्ये देवलीला होते,
राजस्थानात, तारेच्या आत. आम्ही सगळेच.
मी चालायला तिथे शिकले.
सोडलं, तेव्हा कलकत्त्यातलं दुकान दुसऱ्याचं होऊन गेलेलं.
गाडीत बसलो, इथे उतरलो."
"इथेच का?"
"मला भूक लागली होती."

त्यांनी वातीची राख वाटीत झटकली.
पुढे काही विचारावं, असं मला सुचलं नाही.
वीस वर्षांत पहिल्यांदाच.

शेवटी काचेचे पेले. आत जाळ फिरवून
पाठीवर फटकन उलटे.
कातडी आत ओढली गेली, तसं ओळखलं:
अहो, ही तर तुंबडी!
वैदू यायचे वेशीपाशी, शिंग घेऊन,
आजोबा उघड्या अंगानं बसायचे.
जन्मभर कंपनीची तुंबडी भरली मी,
आज सात माझ्याच पाठीला चिकटल्या.

मान वळली? वळली.
पूर्ण नाही. खिडकीपर्यंत.

पैसे दिले. बाई उठताना टेबलाला धरून उठल्या,
माझ्या बॅगेकडे बघत म्हणाल्या,
"त्यात गुडघ्याचं काही आहे?"
"तुमच्या सुया?"
"दुसऱ्याला टोचायला सोप्या."
मी हिरवी पट्टी काढून दिली. जेवणानंतर एक, म्हटलं.
वीस मिनिटांचं काही बोललो नाही.

रात्रीच्या गाडीत पाठ टेकवत नव्हती.
सुरत येईपर्यंत वाकून बसलो,
शर्टाला तो वास,
आणि समोरच्या बाकावरची म्हातारी
नाक वर करून, डोळे मिटून विचारत होती,
"कुठल्या देवाला जाऊन आलात?"