चावी बाहेर येत नाही

रात्री पावणेदोनला
डेटाबेसला स्वतःचंच पान वाचता येईना.
पाट्टोच्या चौथ्या मजल्यावर मी, आग्नेलो
आणि कॉफीच्या मगात गळणारा एसी.
खाली ओरेच्या खाडीला ओहोटी,
चिखलाचा वास खिडकीच्या फटीतून वर.

पडद्यावर एकच ओळ: प्रवेश नाकारला.
बरोबरच होतं. आठवड्यापूर्वी मीच
चाव्यांच्या तिजोरीभोवती फायरवॉल उभी केली,
कुणालाच आत घेऊ नकोस म्हटलं,
आणि तिनं इमानानं
आमच्याच क्लाउडला दारात थोपवलं.

बावीस हजार तारवटी झोपलेत तिकडे:
पासपोर्ट, रक्तगट, शेवटचं जहाज,
आणि एका कुलूपबंद रकान्यात
मेल्यावर पैसे कुणाला.

आग्नेलो म्हणाला,
"पांच मिनटां सगळ्यांक उगडें दवर गो.
ह्या वेळार कोण येतलो?"
मी विचारलं, तुझ्या पायनं
चोडणची मानस कधी पाच मिनिटं उघडी सोडली?
तो हसला नाही.
कोळंबीच्या लिलावावरून कुणीतरी
एका रात्री तिच्या फळ्या उपसल्या होत्या.
खारं पाणी शेतात शिरलं
ते तीन पिकं गेलं नाही.
कोरगुटालासुद्धा सोसलं नाही ते.

मग नीट बसलो.
डेटाबेसला आधी ओळख दिली. पासवर्ड नाही;
पासवर्ड चिठ्ठीवर जातो, चिठ्ठी खिशात,
खिसा धुण्यात.
ही ओळख उसनी देता येत नाही.
तिजोरीच्या यादीत तेवढं एक नाव.
बाहेरचं जाळं बंदच,
आतून एक खासगी वाट, फेरीबोटीसारखी,
या धक्क्यावरून त्या धक्क्याला, मध्ये थांबा नाही.

आणि हक्क दोनच: गुंडाळ, उलगड.
चावी मागायची नाही.
डेटाबेस आपली धाकटी चावी पाकिटात घालून पाठवील,
तिजोरी आतल्या आत पाकीट सोडवील,
धाकटी परत देईल.
थोरली उंबरठा ओलांडणार नाही.
"कोमुनिदादच्या पेटीसारखं," आग्नेलो म्हणाला,
तीन चाव्या, तीन गावकार,
एकाला ताप आला की हिशेब पुढच्या आयतारी.
मी म्हटलं, तसंच काहीसं.
फक्त इथे ताप यायला कुणी नाही,
आणि त्याचीच मला जरा भीती वाटते.

चाचणीपुरतं यादीत माझंही नाव होतं.
सुलक्षा वेरेंकर. तात्पुरती. वीस मिनिटं.

नऊ हजार एकशे चाळीस क्रमांकाला माझा बाप.
विश्राम वेरेंकर, इंजिनखातं,
मोंबासाला उतरला अठ्ठ्याण्णव साली
तो जहाजावर परत चढला नाही.
कागदावर अजून हयात.
आई दर चवथीला माटोळीत
एक नारळ जास्त बांधते, का ते सांगत नाही.

त्या रकान्यात एक नाव आहे.
आईचं असेल.
नसेलही.
एक ओळ टाइप करायची होती.
आग्नेलो सिगारेट ओढायला खाली गेला.
त्याने ती लेन्तात सोडली होती,
आता ऑगस्ट.

अकरा मिनिटं उरली.
नऊ.
एसी गळत राहिला.
मी माझ्या नावापुढची खूण काढली, जतन केलं,
आणि खात्री करायला, हो, खात्री करायलाच,
विचारलं: नऊ हजार एकशे चाळीस.

प्रवेश नाकारला.

सव्वातीनला डेटाबेस वाचू लागला,
बावीस हजार नावं, न अडखळता,
त्यात तेही.
नोंदवहीत मी लिहिलं: काम पूर्ण, जादा परवानग्या रद्द.
कुणाच्या ते लिहायला वेगळा रकाना नाही.

पहिल्या फेरीत आग्नेलो उभ्या उभ्या झोपला.
पलीकडे भरती चढत होती,
मानशीची दारं पाण्याच्याच रेट्यानं
एकेक करून मिटत होती.
घरी आईनं विचारलं, पेज वाढू?
वाढ म्हटलं.