अर्धं छत

मेहिकालीत मी छतं रंगवतो. पांढरी.
पहाटे साडेतीनला शिडी लावतो,
नऊनंतर शिडी हात धरू देत नाही.
वर चढलं की गल्लीचं सगळं कळतं:
कुणी पश्चिमेच्या खिडकीला चंदेरी कागद डकवलाय,
कुणी एसीच्या बाहेरच्या पेटीला सावली म्हणून
झावळ्यांनी इतकं गच्च झाकलंय
की बिचारीला श्वास घेता येत नाही,
कुणाची पेटी रात्रभर धापा टाकते
आणि घरातला एकुलता माणूस रात्रपाळीला.

उत्तरेला सरहद्दीचं कुंपण.
उन्हाला पासपोर्ट लागत नाही, असं म्हणायची
आमच्याकडे पद्धत आहे.
मी म्हणत नाही. मला तेवढा वेळ नसतो.

जूनमध्ये दोन्या एउस्तोलियाने बोलावलं.
म्हणाली, निकानोर, अर्धंच रंगव.
मागच्या खोलीवरचं.
मी म्हटलं, बाई, अर्धी दाढी कोण करतं?
ती म्हणाली, ज्याच्याकडे अर्धंच ब्लेड असतं तो.

मागच्या खोलीत तिचा भाऊ, इलारियो,
चाळीस वर्षं पलीकडच्या शेतांत लेट्यूस कापून
पाठ आणि एक फुप्फुस तिकडेच ठेवून आलेला.
घरातला एकमेव एसी त्याच्या उशाशी.
ती स्वयंपाकघरात, ओली चादर पांघरून,
पंख्यासमोर बर्फाची बाटली ठेवून.
अकरा वर्षं दोघांत शब्द नव्हता.
आईची जमीन. दोन हेक्टर, आणि तीही खारी.
ताट ती उंबऱ्यात ठेवायची,
रिकामं करून तो उंबऱ्यात ठेवायचा.

एसीची जाळी मी काढून दाखवली.
मांजराच्या पिल्लाएवढा धुळीचा गोळा निघाला.
म्हटलं, ही पंधरवड्याला धुवायची,
आणि सतरावर लावल्याने खोली लवकर गार होत नाही,
मीटर तेवढं जास्त वेळ पळत राहतं.
तिने फ्रीजवरच्या कॅलेंडरात लिहून घेतलं.
तिथे रोज संध्याकाळचं मीटर आधीपासून होतं,
पेन्सिलीने, गोल गोल आकड्यांत,
आजाऱ्याचा ताप लिहावा तसं.

मग दोरी ताणून मधोमध रेघ मारली.
इकडे पांढरं, तिकडे डांबर.

जुलैत एकोणपन्नास झालं.
स्वयंपाकघरात मेणबत्ती न पेटवता वाकली,
तेव्हा तिने खाट ओढत मागच्या खोलीत नेली.
शेजारीण सांगते, फरशीवर खाटेचे पाय
असे किंचाळले की सगळी गल्ली जागी झाली.
अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं
ते.

ऑगस्टमध्ये मी शेजारच्या छतावर होतो.
चार वाजले असतील. खिडकी बंद, तरी ऐकू आलं:

चोवीस.
सत्तावीस.
मी मेल्यावर कर सत्तावीस.
तू मेल्यावर बंदच करीन.

मग खोकला. हसण्याचा की फुप्फुसाचा,
छतावरून ओळखता येत नाही.
रिमोट पिठाच्या डब्यात सापडला म्हणे,
दुसऱ्यांदा त्याच्या बुटात.
त्यानेच लपवला होता, तिच्यापासून.

दात कोरून पोट भरत नाही, हे खरं.
पण सप्टेंबरचं बिल तिने मला उलगडून दाखवलं,
हाताने इस्त्री करत, दोनदा.
बादलीचे पैसे निघाले होते, वर थोडे उरलेही.

ऑक्टोबरात मी उरलेल्या अर्ध्यासाठी बादली घेऊन गेलो.
पैसे तिने आधीच दिले होते.
शिडी लावली, चढलो,
पांढऱ्यावर कबुतरांची पावलं, डांबरावर काहीच नाही.
झाकणाला स्क्रूड्रायव्हर घातला, तेवढ्यात खालून ती:
निकानोर, राहू दे.
म्हटलं, का? स्वयंपाकघरही गार होईल,
तुमची खाट परत तिथे नेता येईल.

ती वर बघत राहिली, डोळ्यांवर हात धरून.
म्हणाली, तेच म्हणते.
राहू दे.

आतून इलारियो ओरडला,
सव्वीस! साडेसव्वीस, पण दार लाव!

बादली अजून माझ्या गाडीत आहे.
झाकणावर तिचं नाव खडूने लिहिलंय,
खडबडीत रस्त्यांवर थोडं थोडं पुसत चाललेलं.