मर्यादा

फोटोवाला म्हणाला, मुलाच्या ॲडमिशनला
आईचा फोटो पन लागायलाय का आता?
मी म्हटलं, हो, लागतो.
आणि सेहेचाळिसाव्या वर्षी पदर सारखा करून
एम.एड.च्या ओळखपत्रासाठी सरळ समोर बघितलं.

रविवारी केगावची बस.
मांडीवर टिपणं, डब्यात कडक भाकरी,
ओठांत नेतृत्वाच्या शैली :
हुकूमशाही, लोकशाही, मोकळीक.
बाळे येईपर्यंत पाठ होतात,
उतरताना एक कुठली तरी बसमध्येच राहते.
वर्गातली पोरं माझ्या लेकाच्या वयाची.
काकी, नोट्स द्या की, म्हणतात.
देते. अक्षर तेवढं माझं चांगलं आहे.

घरी हे विचारतात, याने पगार वाढतो का?
माग भंगारात गेल्यापासून
प्रत्येक गोष्टीला त्यांचा हाच प्रश्न.
प्रश्न चुकीचा नाही.
नाही वाढत, मी म्हणते.
मोठ्या बाई व्हायचं तर तेही ज्येष्ठतेनं.
मग?
मग, याच्यापुढचं मला अजून लिहिता आलेलं नाही.

शोधप्रबंधाचा विषय मात्र लगेच सुचला :
विडी कामगार कुटुंबांतील विद्यार्थिनींच्या
अनियमित उपस्थितीचा अभ्यास.
नमुना, साठ मुली. साधन, प्रश्नावली.
गैरहजेरीचं कारण, योग्य चौकटीत खूण करा :
आजार. घरकाम. अभ्यासाची भीती. इतर.

एक्केचाळीस जणींनी 'इतर'वर खूण केली.

श्रावणी चिलवेरीला मधल्या सुट्टीत विचारलं,
इतर म्हणजे काय गं?
ती माझ्याकडे अशी बघितली,
जशी मी गावात नवी आहे.
बाई, नळ.

पाच दिवसांनी येतो तो.
कधी पहाटे, कधी भर दहाला.
आईच्या मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू,
हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय ती उठत नाही.
मग घागर कोण धरणार?
मी हजेरीपट काढला, पाण्याच्या तारखा काढल्या,
पेन्सिलीनं एकावर एक ठेवल्या.
आकडेशास्त्राची गरजच पडली नाही.

हत्तुरे सर म्हणाले, छान, पण संदर्भ?
पाण्याचं वेळापत्रक संदर्भसूचीत कसं लिहितात, सर?
लेखक अज्ञात.
प्रकाशन, किराणा दुकानाची भिंत, खडू.
सर हसले नाहीत. मीही नाही.
संबंधित साहित्याचा आढावा तर
आमची गल्लीच घेते, एका दमात,
नीळ्ळु वच्चिनय!
पलीकडून, नीर बंदवु!
मागच्या बोळातून, पानी आया रे!
तिन्ही भाषांत पहिला आवाज घागरीचा.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले,
पांढरा सफारी, थंड पाण्याची बाटली.
तुमच्या संशोधनाच्या मर्यादा सांगा.
पाठ केलं होतं : एकच शाळा. साठच मुली. एकच वर्ष.
तोंडातून आणखी एक निघालं,
आणि सर, संशोधिका स्वतःही पाणी भरते.
त्यांनी चष्मा काढला.
काही लिहिलं. काय, ते कळलं नाही.

पदवीचा कागद अजून यायचा आहे.
जूनपासून मी प्रभारी आहे,
म्हणजे किल्ल्या माझ्याकडे, खुर्ची अजून नाही.
पहिला ठराव केला तो एवढाच :
नळाच्या दिवशी हजेरीची चौकट
अकरापर्यंत कोरी ठेवायची.
केंद्रप्रमुख म्हणाले, हे कुठल्या नियमात बसतं?
मी प्रबंध पुढे केला, पान त्र्याऐंशी.
त्यांनी तो हातात तोलून बघितला.
वाचतो, म्हणाले.
वाचतील.

आज नळ साडेनऊला आला, बारीक.
पिंप भरलं, बादल्या भरल्या,
शेजारच्या म्हातारीची कळशी भरली,
ओल्या काठाची साडी तशीच ठेवून
रिक्षा केली.
फाटकाशी श्रावणी, तीही आत्ताच पोचलेली,
वेणी अर्धी, चपला ओल्या.

बाई, नळ?

नळ, मी म्हटलं.
चल. पावणेअकरा झालेत.